धरणाची कोरडी बाजू

आषाढात गगनबावडा तालुक्यातली रोपलावण उरकली, की शेतकऱ्याच्या मागे एक बारीकसं काम लागतं. दिवसातून एकदा तरी बांधावरून फेरी मारायची. अंगावर इरलं नाहीतर प्लास्टिकची खोळ, हातात खोरं. वाफ्यात पाणी किती तुंबलंय ते लांबूनही दिसतं, त्यासाठी कुणी चिखल तुडवत नाही. तो पाहत असतो बांधाचं खालचं अंग. वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात कुठून उतरतंय? नुसती ओल आहे की धार लागलीय? धार असेल तर नितळ की गढूळ?

नितळ असेल तर तो पुढे जातो. गढूळ दिसली की थांबतो. पाणी गढूळ येतंय म्हणजे ते एकटं येत नाही, बांध सोबत घेऊन येतंय, एवढं त्याला कुणी शिकवावं लागत नाही. रात्रीत खेकड्यानं बीळ पाडलेलं असतं. मग तो बांधावर चढतो, वरच्या वाफ्यात उतरतो, पायाच्या बोटांनी बिळाचं तोंड चाचपतो आणि गवताची पेंडी, चिखलाचा गोळा आत दाबून टाचेनं तुडवतो. खालून बीळ बुजवायचा खटाटोप तो करत नाही. खालून बुजवलं तर पाणी शेजारून वाट काढतं. ही फेरी एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी बांधाच्या जागी घळ असते आणि रोपं खालच्या तीन वाफ्यांत पसरलेली असतात.

मातीच्या धरणाच्या सुरक्षिततेचं जवळजवळ सगळं शास्त्र या फेरीत आलं. धरणाचा बांध दीड फुटाऐवजी पन्नास फूट उंच असतो आणि खाली वाफ्यांऐवजी वाड्या असतात, एवढंच. म्हणून तिथली फेरी जास्त काळजीची असायला हवी. प्रत्यक्षात ती बहुधा कमीच होते. असं का होतं, आणि फेरी मारायची तर नेमकं काय पाहायचं, ते या प्रकरणात पाहू.

पाण्याच्या मुळाशी

कोल्हापूरहून पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटरवर सह्याद्रीच्या कड्यालगत गगनबावडा आहे. इथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग कडा चढताना इथेच रिकामे होतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एखाद्या वर्षी त्याहून बराच जास्त. मृगात सुरू झालेली धार तरण्या-म्हाताऱ्या पावसात इतकी लागते, की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.

एवढ्या पावसाच्या गावाला धरण कशाला, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. उत्तर मार्चमध्ये मिळतं. उतार तीव्र, जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र, त्यामुळे पाणी जितक्या वेगानं येतं तितक्याच वेगानं निघून जातं. पाऊस थांबल्यावर चार-पाच महिन्यांत विहिरी तळ दाखवतात. ही जाण जुनी आहे. बावड्याच्या जहागिरीचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्याआधी पाण्याचा विचार करायला सांगितलं आहे. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, तळी-टाकी मजबूत बांधून पाणी साठवावं आणि जपावं, असा त्याचा आशय.

आज तालुक्यात ते काम मातीची धरणं करतात. लखमापूरचं कुंभी धरण त्यांतलं मोठं, २.७१ टीएमसीचं. त्याखेरीज कोदे, अणदूर, वेसरफ असे लहान तलाव आहेत. कोदे तलावाची क्षमता ०.२१४ टीएमसी. वर्तमानपत्रातल्या धरणसाठ्याच्या तक्त्यात हा आकडा राधानगरीच्या आठ आणि काळम्मावाडीच्या पंचवीस टीएमसीपुढे अगदी किरकोळ वाटतो. पण ०.२१४ टीएमसी म्हणजे सुमारे ६० लाख घनमीटर, म्हणजेच ६० लाख टन पाणी. धरण लहान की मोठं, हे तक्त्यावरून ठरवायचं नसतं. ते त्याच्या खाली कोण राहतं यावरून ठरतं.

यांतलं एकही धरण सहलीसाठी बांधलेलं नाही. शेतीला पाणी मिळावं, नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उन्हाळ्यात भरते राहावेत, गावांची तहान भागावी, यासाठी ती झाली. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वर्षासहलीची लाट आली. हिरवे डोंगर, धुकं, काठोकाठ भरलेला तलाव आणि सांडव्यावरून फेसाळत जाणारं पाणी पाहायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. कणसं आली, चहा आला, तलावाकडे तोंड करून उभी राहिलेली विश्रामस्थळं आली. यात वाईट काही नाही, चार घरांना रोजगार मिळतो. पण यामुळे एक गोष्ट नकळत बदलली. धरणाकडे पाहणारी नजर फिरली. सगळे पाण्याकडे पाहू लागले. धरणाला पाठ टेकून फोटो काढताना पाठीमागे, म्हणजे कोरड्या अंगाला, पन्नास फूट खाली काय चाललंय ते पाहायचं राहून गेलं.

ढिगाऱ्याच्या पोटात

मातीचं धरण लांबून लांबलचक टेकाडासारखं दिसतं. टिपरनं माती आणून टाकली आणि रोलर फिरवला, असा पाहणाऱ्याचा समज होतो. त्याचा छेद घेऊन पाहिलं तर चित्र निराळं दिसतं.

अगदी मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो, साइटवर त्याला हार्टिंग म्हणतात. पाणी अडवायचं काम त्याचं. दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचं जाड आवरण, म्हणजे केसिंग. त्याचं काम गाभ्याला आधार द्यायचं. गाभ्याच्या खाली पक्का थर लागेपर्यंत खंदक खणून तोही चिकण मातीनं भरतात, म्हणजे पाणी पायाखालून निसटत नाही. पाण्याच्या अंगाला दगडांचं पिचिंग, लाटांनी माती खरवडू नये म्हणून. खालच्या अंगाला, पायथ्याशी, दगडांचा रचलेला पट्टा असतो. तो रॉक टो. त्याच्या आणि मातीच्या मध्ये बारीक वाळू, जाड वाळू, खडी असे गाळणीचे थर.

या गाळणीत सगळी खुबी आहे. मातीच्या धरणातून पाणी झिरपतं. सगळ्याच मातीच्या धरणांतून झिरपतं, अगदी उत्तम बांधलेल्यातूनही. तळाशी दहा मीटर खोल पाणी असेल तर तिथे प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा दाब असतो. एवढ्या दाबाखाली माती पूर्ण कोरडी राहणं शक्य नाही. म्हणून अभियंता पाणी संपूर्ण थांबवायच्या मागे लागत नाही. तो पाण्याला वाट करून देतो आणि वाटेत गाळणी ठेवतो. पाण्यानं जावं, मातीनं जाऊ नये. चहा गाळताना आपण हेच करतो.

धरणात आणखी दोन गोष्टी असतात. एक विमोचक, म्हणजे भरावाच्या पोटातून कालव्यासाठी पाणी सोडणारी मोरी. दुसरा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी धरणाला न शिवता बाजूनं निघून जावं म्हणून बहुतेकदा डोंगराच्या कुशीत काढलेली वाट. सांडव्याची पातळी आणि धरणाचा माथा यांच्यामध्ये काही फूट उंची मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. तिला फ्रीबोर्ड म्हणतात. पाहुण्याला वाटतं, एवढी जागा वाया गेली, आणखी पाणी मावलं असतं. ती जागा पुराची आहे. पूर वर्षातून चार दिवस येतो आणि उरलेलं वर्ष ती रिकामी दिसते, इतकंच.

धरण जातं कसं

मातीची धरणं फुटतात कशी, याचा जगभरच्या नोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्याचा निष्कर्ष दोन वाक्यांत मावतो. फुटलेल्या धरणांपैकी जवळपास निम्मी माथ्यावरून पाणी गेल्यामुळे फुटली. जवळपास निम्मी आतल्या आत पोखरली जाऊन फुटली. उतार घसरणं, भूकंप वगैरे सगळं मिळून उरलेल्या थोड्या टक्क्यांत येतं.

माथ्यावरून जाणं समजायला सोपं आहे. दगडी धरणावरून पाणी गेलं तर बहुतेक वेळा निभावतं. मातीच्या धरणावरून गेलं तर ते खालच्या उतारावर घळी पाडत सुटतं आणि घळी मागे मागे खात माथ्यापर्यंत येतात. इथे लक्षात ठेवायचं ते असं, की पाणी धरणाच्या सरासरी उंचीवरून जात नाही. ते सगळ्यांत खोलगट जागेवरून जातं. म्हणून धरणाची खरी उंची म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या सगळ्यांत बसक्या जागेची उंची. गाड्यांच्या चाकोऱ्यांनी माथा एका ठिकाणी वीतभर दबला असेल, तर संपूर्ण धरण वीतभर बुटकं झालं.

पोखरलं जाणं जास्त कपटी असतं, कारण ते आत चालतं. झिरपणारं पाणी पायथ्याशी बाहेर पडतं, तिथे त्याचा जोर जास्त असेल आणि गाळणी नसेल किंवा चोंदली असेल, तर ते मातीचा एक कण उचलतं. मग त्याच्या मागचा. पाणी पुढे वाहतं आणि बीळ मागे सरकत जातं, तलावाच्या दिशेनं. ज्या दिवशी ते तलावाला जाऊन भिडतं, त्या दिवशी हातात काही तासच उरतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टीटन धरण सुमारे ९३ मीटर उंच होतं. ५ जून १९७६ च्या सकाळी त्याच्या कोरड्या अंगाला गढूळ पाण्याची धार दिसली. बुलडोझर आणले, भोक बुजवायला पाठवले, ते बुलडोझरच आत गेले. दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं होतं.

पोखरण सुरू व्हायला सगळ्यांत आवडती जागा म्हणजे माती आणि बांधकाम जिथे भेटतात ती. विमोचकाच्या मोरीशेजारी रोलर फिरवता येत नाही, तिथे माती हातानं ठोकावी लागते आणि तिथेच ती कच्ची राहते. पुणेकरांना १२ जुलै १९६१ ही तारीख सांगावी लागत नाही. पानशेतचं मातीचं धरण पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी साठलं, विमोचकाचं काम अपुरं होतं, त्याच्या वरचा भराव खचला आणि खचलेल्या जागेवरून पाणी गेलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही गेलं.

लहान धरणांच्या बातम्या लहान असतात, पण त्या आपल्या अगदी जवळच्या आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री कोल्हापूर जिल्ह्यातल्याच भुदरगड तालुक्यात मेघोलीचा लघु पाटबंधारे तलाव फुटला. एक महिला गेली, जनावरं गेली, ओढ्याकाठची पिकं मातीसकट गेली. दोन्ही ठिकाणी गळती लोकांना आधीपासून माहीत होती. दोन्ही धरणं रात्री फुटली. रात्री पायथ्याशी कुणी नसतं, आणि असलं तरी दिसत नाही.

तिवऱ्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. टिंगल रास्त होती, पण तिच्यामुळे एक साधी गोष्ट बाजूला पडली. खेकडा बीळ पाडतो, हे गगनबावड्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. उंदीर, घूस, साळिंदर, वाळवी हेही आपापल्या परीनं पोखरतात. झिरपणाऱ्या पाण्याचा आतला रस्ता त्यामुळे थोडा आखूड होतो. एकटा खेकडा पन्नास-साठ फूट रुंद भराव भेदत नाही. तो सुरुवात करून देतो, पुढचं काम पाणी वर्षानुवर्षं करतं. त्या वर्षांत खालच्या अंगाला कुणी फिरकलं नाही, हा खरा मुद्दा असतो. वाफ्याचा बांध खेकड्यानं फुटला, असं सांगणाऱ्या शेतकऱ्याला घरात पहिला प्रश्न हाच विचारतात, “मग तू फेरीला गेला नव्हतास?”

मौजेचा तलाव

कामासाठी बांधलेलं धरण मौजेचं झालं की काय होतं, याची जगातली सगळ्यांत बोलकी गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. उंची सुमारे ७२ फूट, साठा दीड कोटी घनमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कोद्याच्या अडीच पट, कुंभीच्या पाचव्या हिश्शाइतका. सरकारनं ते कालव्याला पाणी पुरवायला बांधलं. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकानं तळातले पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. पुढे १८७९ च्या सुमारास पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी आणि शिकार क्लबनं ते घेतलं. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्याचे सभासद. काठावर बंगले उभे राहिले, तलावात होड्या आल्या.

सभासदांच्या घोडागाड्यांना माथ्यावरून एकमेकींशेजारून जाता यावं म्हणून माथा काही फुटांनी खाली घेऊन रुंद केला. फ्रीबोर्ड कमी झाला. तलावात महागडे मासे सोडले होते, ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसवल्या. सांडवा अरुंद झाला. तळाचे नळ परत बसवले नाहीत, कारण तलाव रिकामा करायची कुणाला गरज वाटली नाही. शोभेसाठी तो नेहमी भरलेलाच हवा होता. या सगळ्यांत एकही कृती दुष्टपणाची नाही. प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी सोयीसाठी, आनंदासाठी केलेली होती.

३० मे १८८९ ला रात्रभर पाऊस झाला. ३१ तारखेच्या सकाळी पाणी चढू लागलं. जाळ्यांत झाडं, फांद्या अडकून सांडवा तुंबला. मजुरांनी जाळ्या काढायचा, बाजूनं दुसरा सांडवा खणायचा प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटलं. सुमारे २२ किलोमीटर खाली जॉन्सटाउन नावाचं गाव होतं. तासाभरानं पाणी तिथे पोचलं. २,२०९ माणसं मेली. न्यायालयांत हा दैवी कोप ठरला, क्लबवर जबाबदारी आली नाही. तिकडे देवावर ढकललं, इकडे खेकड्यावर.

आपल्याकडे कार्नेगी नाहीत, पण सांडव्याला लावलेली मासेमारीची जाळी आहे. चार दिवस जास्त पाणी राहावं म्हणून सांडव्यावर रचलेली वाळूची पोती आहेत. माथ्यावर लावलेल्या गाड्या आहेत. सावलीसाठी भरावाच्या उतारावर हौसेनं लावलेली झाडं आहेत. ती पंधरा-वीस वर्षांनी मरतात तेव्हा त्यांची मुळं कुजतात आणि भरावात मनगटाएवढे पोकळ बोगदे उरतात. सांडव्यापुढच्या कोरड्या चरात हिवाळ्यात उभी केलेली टपरीही आहे.

सांडव्यावरच्या पोत्यांचं गणित करून पाहण्यासारखं आहे. वीस मीटर लांबीच्या सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचं पाणी वाहत असेल तर सेकंदाला सुमारे १२ घनमीटर पाणी निघून जातं. जाडी एक मीटर झाली की सुमारे ३४ घनमीटर. जाडी दुप्पट, विसर्ग जवळपास पावणेतीनपट. म्हणजे पूर जितका मोठा तितका सांडवा जास्त तत्परतेनं काम करतो, अट एकच, त्याला वर चढायला जागा हवी. अर्धा मीटर पोती रचली की नेमकी तीच जागा जाते. आता पाण्याची बाजू पाहा. पाच चौरस किलोमीटर पाणलोटावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि गगनबावड्यात जुलैत तो पडतो, तर दहा लाख घनमीटर पाणी खाली येतं. लहान तलाव अशा पावसात दोन-चार दिवसांत तुडुंब होतो.

कोल्हापूरकरांना खरं तर हे शहाणपण रक्तातच हवं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची सगळी कल्पनाच अशी, की पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची आणि पूर ओसरल्यावर बरगे घालून पाणी अडवायचं. ऐन पावसात बरगे तसेच ठेवणाऱ्याला गावात कुणी शहाणा म्हणणार नाही. सांडव्यावरची पोती म्हणजे ऐन पावसात घातलेले बरगेच आहेत.

सगळंच ओलं असताना

आता फेरीकडे येऊ. गगनबावड्यात एक खास अडचण आहे. पुस्तकं सांगतात, धरणाच्या कोरड्या अंगाला ओल दिसली तर सावध व्हा. जुलैत इथे कोरडं अंगच नसतं. भरावावरून पावसाचं पाणी ओघळतं, दोन्ही टेकड्यांतून झरे फुटलेले असतात, पायथ्याशी घोटाभर पाणी असतं, तेही जांभ्याच्या मातीनं लालसर. यातलं धरणाचं कुठलं आणि आभाळाचं कुठलं, ओळखायचं कसं?

उत्तर ऋतूत आहे. पाऊस थांबतो ऑक्टोबरात. तलाव तेव्हा काठोकाठ भरलेला असतो, म्हणजे धरणावर पूर्ण दाब असतो, पण आभाळ कोरडं असतं. दिवाळीच्या आसपास भात कापणीला येतं, टेकड्यांवरचं गवत पिवळं पडू लागतं. त्या दिवसांत पायथ्याशी जिथे हिरवं लव्हाळं टिकून आहे, जिथे पाय टाकला की जमीन लिबलिबते, जिथून धार वाहते, ते पाणी धरणाचं. पावसाळ्यानंतरच्या तपासणीचा हा खरा अर्थ. गंमत अशी, की धबधबे आटल्यामुळे याच दिवसांत पर्यटक कमी झालेले असतात. धरण जेव्हा सगळ्यांत स्पष्ट बोलतं तेव्हा ऐकायला कुणी नसतं.

दुसरी तपासणी मे महिन्यातली, आगोटीची. तेव्हा तलाव तळाला गेलेला असतो आणि एरवी पाण्याखाली असलेलं अंग उघडं पडतं. पिचिंगचे दगड निसटलेत का, माथ्याला समांतर लांब भेग आहे का, उताराला पोट सुटल्यासारखा फुगवटा आलाय का, विमोचकाचं दार चालतं का. गंजून अडकलेलं दार मे महिन्यात उघडता येतं. जुलैच्या रात्री ते उघडत नाही.

फेरीचा क्रम साधा असतो. आधी माथ्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे एक डोळा मिटून पाहायचं. माथ्याची कड सरळ दिसते की मध्ये बसलीय, ते कळतं. मग सांडवा आणि त्याच्या पुढचा चर. चराच्या तळाची माती खात खात पाणी सांडव्याच्या भिंतीकडे सरकत तर नाही ना? मग खालचा उतार. रानमोडी, घाणेरी कमरेएवढी वाढलेली असेल तर काही दिसणार नाही, म्हणून ती आधी साफ करायची. आखूड गवत ठेवायचं, ते माती धरून ठेवतं. मोठं झाड दिसलं तर मात्र मुळासकट उपटायच्या भरीस पडायचं नाही, मोकळा खड्डा झाडापेक्षा वाईट. ते काम अभियंत्याच्या सांगण्यावरून आणि तलाव रिकामा असताना. शेवटी पायथा, आणि तिथे सगळ्यांत जास्त वेळ विमोचकाच्या तोंडाभोवती.

गळती सापडली तर तीन गोष्टी लिहून ठेवायच्या. तारीख आणि तलावाची पातळी, दहा लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद, आणि पाण्याचा रंग. चाळीस सेकंद लागले तर सेकंदाला पाव लिटर. ही गळती पातळी उतरली की कमी होत असेल आणि वर्षानुवर्षं तेवढीच असेल, तर धरण त्या गळतीसकट नांदतंय. पातळी तीच असून बादली चाळीसऐवजी वीस सेकंदांत भरू लागली, तर आत काहीतरी रुंद होतंय. आणि एरवी वाहणारी गळती अचानक थांबली तर आनंदानं घरी जायचं नाही. पाण्यानं दुसरी वाट धरली असेल.

रंग डोळ्यांनी ओळखू आला नाही, तर काचेची स्वच्छ बाटली भरून रात्रभर स्थिर ठेवायची आणि सकाळी तळाशी माती बसलीय का ते पाहायचं.

आणि खरंच धोक्याची धार लागली तर? पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे खालून बूच मारणं. सिमेंट, चिखल, गोणपाट, मिळेल ते कोंबणं. शेतकरी वाफ्यात ही चूक करत नाही, धरणावर मात्र होते. योग्य उपाय पाहताना विचित्र वाटतो. धारेवर जाड वाळू आणि खडीचे थर टाकायचे, भोवती पोत्यांचं कडं रचायचं आणि पाणी वाहू द्यायचं. कड्यात पाणी तुंबलं की उलटा दाब येतो, धारेचा जोर मंदावतो, पाणी जातं आणि माती मागे राहते. तोवर विमोचक उघडून तलाव खाली आणायचा. फार झपाट्यानं नाही, कारण ओलं झालेलं वरचं अंग पाण्याचा आधार एकदम काढला की घसरतं. पण या सगळ्याच्या आधी खालच्या वाडीला उठवायचं. धरण वाचलं तर लोक शिव्या देतील, तेवढं सोसायचं.

वाळू, खडी आणि पोती धरणाजवळ आधीपासून साठवलेली हवीत. पुराच्या दिवसांत मांडुकली-लोंघ्याजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरची वाट बंद होते. घाटात दरड पडली की कोकणचीही. नेमक्या ज्या रात्री डंपर हवा असतो, त्याच रात्री तो येऊ शकत नाही.

कायद्याची उंची

महाराष्ट्रात मोठी धरणं देशात सर्वाधिक आहेत, आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे. डिसेंबर २०२१ मध्ये देशाचा धरण सुरक्षा कायदा झाला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी काहींनाच, म्हणजे लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर अशा अटींत बसणाऱ्यांना, लागू होतो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे. १० मीटरच्या खालची धरणं या चौकटीबाहेर राहतात. लहान पाझर तलाव आणि गावतलाव बहुतेकदा जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे, आणखी मोठे जलसंपदा विभागाकडे. एखाद्या शेतजमिनीवर कुणी हौसेनं ओढा अडवून तलाव केला असेल, तर त्याचा मालक तोच आणि तपासनीसही तोच.

इंग्लंडच्या कायद्यानं मोजपट्टी वेगळी धरली. तिथे उंचीऐवजी साठा पाहतात. जमिनीच्या पातळीच्या वर २५ हजार घनमीटर पाणी साठत असेल तर तो जलाशय कायद्याच्या कक्षेत येतो, मग तो शेताचा असो, कालव्याचा असो की नौकाविहाराचा. कोद्यासारख्या ६० लाख घनमीटरपुढे २५ हजार काहीच नाहीत. पण घरावर कोसळायला तेवढे पुरतात.

कायदा कुठलाही असो, तो धरणावर रोज येत नाही. रोज येतो तो चौकीदार, गुराखी, खालच्या शेताचा मालक, काठावर चहा विकणारा. गळती आधी त्यांनाच दिसते. ती त्यांनी कुणाला सांगायची, याचा एक दूरध्वनी क्रमांक सांडव्याच्या भिंतीवर रंगवलेला असावा आणि सांगितलेलं तारखेसकट कुठेतरी लिहिलं जावं. धरणाखालच्या ग्रामपंचायतीनं बादलीच्या नोंदींची एक वही ठेवली, तर चार वर्षांनी तिच्याइतका भरवशाचा कागद कुठल्याच कार्यालयात नसेल.

आपण पाहुणे म्हणून गेलो तरी दहा मिनिटं काढता येतात. गाडी माथ्यावर न नेता खाली लावावी. सांडव्यात उतरू नये, तिथल्या शेवाळावर पाय ठरत नाही आणि डोंगरात पडलेला पाऊस इथे पोचायला काही मिनिटं पुरतात. फोटो काढून झाल्यावर उतरणीच्या वाटेनं एकदा कोरड्या अंगाला यावं. तिथे पाहण्यासारखं काही नसतं. गवत, दगडांचा पट्टा, बेडूक, आणि कुठेतरी पाण्याचा बारीक आवाज.

कार्तिकात, कापणीच्या दिवसांत, त्या आवाजापाशी बाटली भरून घ्यावी आणि घरी खिडकीत ठेवावी. सकाळी पाणी नितळ असेल आणि तळाशी काही नसेल, तर तेवढंही वहीत लिहावं. बोटभर लाल माती बसलेली असेल, तर चहा नंतर घ्यावा.